भट्टीतली नागली

माझे हात आता कापतात. चहा बशीत ओतताना अर्धा सांडतो, आणि घरातली मंडळी म्हणतात, वय झालं. मी म्हणतो, वय नव्हे, हे सूर्यमाळच्या इंजिनाचे उपकार आहेत.

तुम्ही त्या इंजिनाचं नाव ऐकलं नसेल. जव्हार संस्थानात मात्र ते न ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. आधीच्या राजेसाहेबांनी ते विलायतेहून मागवलं होतं. रुळांवाचून, साध्या रस्त्यावरून चालणारं वाफेचं इंजिन. पुढे उंच धुरांडं, मधे बॉयलर, मागे भट्टी आणि माणसाएवढी लोखंडी चाकं. जंगलातून सागाचे ओंडके ओढायला ते आणलं होतं. घाट चढवताना म्हणे बैल आणि वेठीची माणसं जुंपावी लागली, म्हणजे ज्याने ओढायचं त्यालाच ओढत आणलं. काही वर्षं ते चाललं. मग चालवणारा ड्रायव्हर हिवतापाने गेला, दुसरा कुणी त्या रानात राहायला तयार होईना, आणि इंजिन सूर्यमाळच्या माळावर जिथे थांबलं होतं तिथेच उभं राहिलं. मोखाड्याच्या बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून ते बघायला येत. लग्नात विहीण अंगाने थोराड असली तर बायका गाण्यात तिला सूर्यमाळचं इंजिन म्हणत. इतकी त्याची ख्याती.

नव्या राजेसाहेबांना वाटलं, वडिलांचं इंजिन पुन्हा चालतं करावं. चैत्रात साहेबलोक पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढे ते जव्हारच्या रस्त्यावरून चालवायचं. मी तेव्हा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो. आमच्या साहेबाने मला न विचारता उसनं देऊन टाकलं, घमेलं द्यावं तसं. हिवताप माझ्या अंगात आधीच मुरलेला होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात, आणि मी निघालो तो तर पौष होता. त्र्यंबकच्या बाजूने बैलगाडीत बसून मोखाड्याला आलो, तिथून पायी सूर्यमाळला, आणि पोचलो तेव्हाच मला घरी परत जावंसं वाटत होतं.

माझ्याबरोबर जंगलखात्याचा कारकून होता. बारीक अंगाचा, सदा घाबरलेला माणूस. गळ्याभोवती मफलर आणि तोंडात एकच वाक्य: “मिस्त्री, चैत्राच्या आत झालं पाहिजे हां.” मी इंजिनाभोवती एक फेरी मारली. चाकं शाबूत होती. धुरांड्यात पक्ष्यांनी घरटं केलं होतं. दट्ट्या गंजून जागच्या जागी धरला होता, पण तो सुटेल असं वाटलं. मग मी भट्टीचं दार उघडलं.

आत धान्य होतं. पेंढ्याच्या दोरांनी करकचून बांधलेल्या लहान लहान मुड्या, एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. आणि भट्टीच्या भिंती, बॉयलरच्या नळ्यांची तोंडं, सगळं शेणमातीने सारवलेलं. स्वच्छ, गुळगुळीत, बोटं उमटलेली.

मी सारवणाचा एक पोपडा नखाने उकरला. खालचं लोखंड पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. दरसाल ओली शेणमाती लावून नळ्यांची तोंडं सडून गेली होती. नळ्या म्हणजे बॉयलरचा जीव. भट्टीतली आग त्यांतून जाते आणि भोवतीच्या पाण्याची वाफ होते. त्या गेल्या म्हणजे इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग.

माझा पारा चढला. “लोखंड सारवतं का कुणी? कुणी केलं हे?”

माळालगतच्या पाड्यावरची माणसं जमलीच होती. त्यांतून एक बाई पुढे आली. पन्नाशीची असेल, विधवा, अंगाने काटक. सगळ्या पाड्याचं बियाणं सांभाळणं हे तिचं काम, हे मला नंतर कळलं. ती न घाबरता म्हणाली, “मी सारवला. दरसाल सारवतो आम्ही. आमचे घर सारवाचा, नि बियाण्याचे घर तसाच ठेवाचा?”

मी कारकुनाकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहायला लागला.

त्या दिवशी पुढचं काम झालं नाही. बाईने मला इंजिनाच्या चाकाला टेकून बसवलं आणि सगळं सांगितलं. ती लहान असताना रानातला कळक, म्हणजे बांबू, फुलला होता. कळक माणसाच्या आयुष्यात एकदा नाहीतर दोनदा फुलतो, आणि फुलला की त्याचं बी खाऊन उंदीर माजतात. रानातलं संपलं की ते घरात शिरतात. त्या साली उंदरांनी कणग्या फोडल्या, आढ्याला टांगलेली मडकी दोर कातरून खाली पाडली. खायची नागली गेलीच, पेरायचीही गेली. नागली म्हणजे तुमची नाचणी, ती तिथे भातापेक्षा जवळची. बियाणं गेल्यावर माणसं कंद खणत रानोमाळ झाली, आणि सगळी काही परत आली नाहीत. म्हणून पुढे हे इंजिन माळावर बेवारशी उभं राहिल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की उंदीर लोखंड खात नाही. तेव्हापासून पाड्याचं बियाणं भट्टीत.

“मग आता काय?” मी विचारलं. “एक साल दुसरीकडे ठेवा.”

“कठं ठेवू?” ती म्हणाली. “औंदा कळक फुललाय.”

ते मी वाटेत पाहिलं होतं. वाळलेले, पिवळे पडलेले कळक डोंगरभर उभे होते, पण मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्या रात्री झोपडीत निजलो तेव्हा अर्थ छातीवरून धावत गेला. उंदरांनी माझ्या जोड्याचा वरचा भाग खाल्ला. सकाळी मी अनवाणी, तापाने फणफणलेला, कारकुनाला म्हणालो, “ही माणसं खरं बोलतायत.” तो म्हणाला, “खरंच बोलतायत हो, पण भट्टी रिकामी पाहिजे. मृगापर्यंत थांबा म्हणून राजेसाहेबांना कोण सांगणार? तुम्ही सांगता?”

मी सांगितलं नाही. माझी पायरी मला ठाऊक होती. पाड्याच्या साखरशेतच्या सोयऱ्यांकडे बियाणं पाठवावं असं मीच सुचवून पाहिलं, तर तिकडून निरोप आला की त्यांचेच भातमुडे उंदरांनी पोखरलेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मुड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या आणि काम सुरू झालं. मदतीला वेठीचे गडी होते, त्याच पाड्यावरचे. वेठ म्हणजे संस्थानचं फुकटचं काम, नाही म्हणायची सोय नाही. सडलेल्या नळ्या छिन्नीने दोन्ही टोकांना कापायच्या आणि धुरांड्याच्या बाजूने एकेक ओढून काढायच्या. सांगायला एवढंच. करायला गेलं तर दिवसभरात जेमतेम दोनचार निघायच्या. मी भट्टीत आडवा होऊन, नाकातोंडात गंज घेऊन छिन्नी धरायचो आणि माझ्या डोक्याशी गडी घण मारायचा. घण चुकला तर नळी नव्हे, मी तुटलो असतो. संध्याकाळी बाहेर आलो की पाठ सरळ होत नसे. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की तुला स्वर्ग हवा का, तर मी विचारलं असतं, तिथे वाकावं लागतं का?

काढलेल्या नळ्या मी माळावर टाकत होतो. टोकं सडलेली, पण मधला लांब भाग चांगला. एके दुपारी मी जेवून उठलो तर ती बाई एक नळी मांडीवर घेऊन बसली होती. एका डोळ्याने आरपार बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी हसलो. त्या पौष-माघात मी बहुधा तेव्हाच एकदा हसलो असेन.

“घ्या,” मी म्हणालो. “भरा यात.”

मी सडकी टोकं कापून दिली. गड्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची बुचं तासली. जिथे बारीक भोक होतं तिथे लाख लावली. एका घराला जेवढं बियाणं लागतं तेवढं एका नळीत बरोबर मावत होतं, जसं काही त्या विलायतेच्या कारागिराने नागलीसाठीच माप घेतलं होतं. घराघरात आढ्याखाली एकेक नळी आडवी टांगली गेली. ज्याची चिंधी त्याच्या नळीला. बाईने आपली नळी सारवायला घेतली तेव्हा मी ओरडलो. ती म्हणाली, “बरा बाबा, नाय सारवत,” आणि शेणाचा गोळा उचलून तोंड फिरवून गेली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सारवलेली होती.

फाल्गुनात घाटावरून नव्या नळ्या आल्या. त्या बसवल्या, टोकं ठोकून फुलवली, आणि पाणी भरून पाहायची वेळ आली. सूर्यमाळला फाल्गुनात पाणी म्हणजे काय असतं ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. खाली दरीतला झरा, तिथून डोक्यावर हंडे. बॉयलर भरायला पाड्यावरच्या सगळ्या बायका दिवसभर चढउतार करत होत्या, तीही वेठच. भरला, दाब दिला, आणि बॉयलर पाचसहा ठिकाणी गळायला लागला. मी कपाळावर हात मारला. बायकांनी कपाळावर हात मारला नाही. ज्या ज्या ठिकाणी गळत होतं तिथे तिथे त्यांनी हंडी लावली आणि पाणी घरी नेलं. तिथल्या माणसांनी माझ्या कामाचा कधी कंटाळा केला नाही, आणि मला मात्र त्यांच्या त्या झऱ्याकडे बघूनच थकवा यायचा.

सगळं पुन्हा ठोकलं. पुन्हा पाणी. या खेपेला थेंब पडला नाही. चैत्र लागता लागता भट्टी पेटवली. धुरांड्यातून पहिल्यांदा राखेबरोबर पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या उडाल्या, मग काळा धूर, मग वाफेचा काटा हलला. मी शिट्टीची दोरी ओढली. डोंगराला आवाज जाऊन आपटला आणि परत आला. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. मला आनंद झाला का? खोटं कशाला सांगू, झाला. पण तो अंगात पोचायला जागाच नव्हती, सगळं अंग दुखत होतं.

निघायच्या सकाळी इंजिनामागे दोन गाडे जोडले होते. एकात सरपण आणि पाण्याची पिंपं. दुसरा रिकामा. मी कारकुनाला विचारलं, हा कशाला? तो माझ्या नजरेला नजर देईना.

“जुन्या नळ्या न्यायच्या आहेत. संस्थानचं लोखंड आहे ते.”

“भंगार आहे.”

“भंगारही संस्थानचंच. जव्हारला लोहाराकडे जाणार. वरून विचारणा झाली, काढलेलं लोखंड कुठे आहे म्हणून. मी काय सांगू? घराघरात टांगलंय?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मिस्त्री, तुमचं काय, तुम्ही उद्या परत जाल. मला इथेच नोकरी करायची आहे.”

मी भांडलो. म्हटलं, मृगापर्यंत तरी ठेवा. म्हटलं, मी इंजिन पुढे नेत नाही. तेव्हा तो खरंच रडकुंडीला आला, आणि पाड्यावरची माणसंच मला म्हणायला लागली, “जाऊ दे मिस्तरी, जाऊ दे, आमचे नावावर येल.” ज्या गड्यांनी बुचं तासली होती त्यांनीच ती काढली. नागली पाट्यांत ओतली गेली. ती बाई आपली पाटी पदराने झाकून घराकडे चालायला लागली, आणि मी वाफ सोडली.

इंजिन जव्हारला पोचलं. वाटेत दर थोड्या अंतरावर पाणी मागत होतं, आणि पोशेऱ्याकडचे लोक हंडे घेऊन उभे होते, म्हणजे उभे केले होते. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसा त्या गावांचा प्रकार. जव्हारात मात्र पताका, वाजंत्री, सगळं. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मडमेने शिट्टी वाजवून पाहिली.

राजेसाहेबांनी मला पुढे बोलावलं. माणूस भला होता. माझे हात बघितले, पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, “मिस्त्री, वडिलांचं इंजिन तुम्ही उठवलंत. बोला, काय देऊ?”

अशा वेळी माणसं कडं मागतात, पागोटं मागतात. मी म्हणालो, “महाराज, जुन्या नळ्या द्या.”

“भंगार? त्याचं काय करणार?”

मी सांगितलं. उंदीर, कळक, भट्टी, बियाणं, सगळं. माझ्या मागे कारकून उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्याच्याविषयी काही बोललो नाही. राजेसाहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. द्या यांना नळ्या.”

हुकूम झाला. पण हुकमाला पाय नसतात. तो दरबारातून कारभाऱ्याकडे गेला, कारभाऱ्याकडून जंगलखात्याकडे, तिथून कोठारात. कोठीवाला किल्ल्या घेऊन मुलीच्या लग्नाला गेला होता. तो आला तर नळ्या लोहाराकडे पोचलेल्या. लोहार म्हणे मला लेखी पाहिजे. मी रोज सकाळी जाऊन पायरीवर बसायचो. मला पाहिलं की शिपाई आधीच मान हलवायचा. मधे ताप आला, धर्मशाळेत पडून राहिलो. कारखान्यातून परत ये म्हणून निरोपावर निरोप आले. मला स्वतःचाच राग येत होता, की कुणाचं बियाणं आणि कोण मी? आमच्या सातपिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता. पण उठून जावं म्हटलं की ती पदराने झाकलेली पाटी डोळ्यांपुढे यायची, आणि मी पुन्हा पायरीवर जाऊन बसायचो.

ज्येष्ठात नळ्या मिळाल्या. लोहाराने थोड्या कापल्या होत्या, बाकीच्या धड होत्या. बैलगाडी केली. आभाळ भरून यायला लागलं होतं, मृग तोंडावर होता. गाडीवान म्हणत होता, चाकं रुतली तर मी जबाबदार नाही. मी म्हणत होतो, हाक. बियाणं अजून शिल्लक असेल, एवढंच मनात होतं. पेरणीपर्यंत थोडेच दिवस सांभाळायचं होतं, आणि मी नळ्या घेऊन निघालो होतो.

पाड्यावर पोचलो तेव्हा राबाच्या जागा, म्हणजे जिथे आधी बी पेरून रोपं करतात त्या, जाळून तयार होत्या. काळ्या, सारख्या, बियाण्याची वाट बघणाऱ्या. ते बघून माझा जीव भांड्यात पडला. राब भाजलाय म्हणजे पेरायला काहीतरी आहे.

बाई घरातच होती. गाडी बघून दारात आली. “मिस्तरी, वाळलास रं,” म्हणाली, आणि मला आत घेऊन बसवलं. बाहेर गडी नळ्या उतरवायला लागले, मी आतून ओरडून सांगत होतो की आपटू नका. तिने चूल पेटवली. थोड्या वेळाने माझ्यापुढे नागलीची गरम भाकर आली, वर लाल तिखट. जव्हारच्या पायऱ्यांवर मी कसंबसं पोट भरत होतो. अशी भाकर किती दिवसांनी मिळाली होती. मी मान खाली घालून खात सुटलो. पहिली संपली, तिने दुसरी टाकली.

खाता खाता मी उत्साहाने सांगत होतो, राजेसाहेबांनी कशा नळ्या दिल्या, कोणीही आता परत मागणार नाही, बियाणं आजच भरून टाका म्हणून. “नागली ठेवलीस कुठे ती दाखव,” मी म्हणालो, “मी स्वतः भरून देतो.”

ती चुलीतलं लाकूड पुढे सारत होती.

“ती कठं राहली,” म्हणाली. “उंदरांनी नेली समदी. पसाभर उरली व्हती, तेवढ्यात काय पेराचा? राती तीबी त्यांनी खाल्ली असती.” मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, “उंदरापरीस पावणा बरा. खा.”

बाहेर गडी नळ्या मोजून घराघरांत वाटून घेत होते, त्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडात घास होता. तो थुंकणं शक्य नव्हतं आणि गिळवत नव्हता. ती वाट बघत होती, पाहुणा का थांबला म्हणून. मग मी तो गिळला, आणि तिने टाकलेली दुसरी भाकरही पुरी खाल्ली.